रुगायाची ताटली

आई,

केप टाउनहून तुझ्या फाल्दीलाचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

मुनीरला दफन केल्यापासून गल्लीतल्या बायका आळीपाळीने जेवण आणतात. शेजारची गदीजा म्हणते, "रडायचं नसेल तर नको रडूस, पण केस तरी विंचर गं, भूत दिसतेस."

रविवारी सकाळी समोरची रुगाया गरम कोसिस्टर घेऊन आली, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळलेले गोड वडे. माझ्या लेकरावर, मुनीरवर, गोळी झाडली ती तिच्याच पोराने. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आत बोलावू नकोस. ताटली तेवढी घे." मी घेतली. काहीच वाटलं नाही, आई.

पण शेजारणीची ताटली रिकामी परत द्यायची नसते, हे तूच शिकवलंस. म्हणून आज पिवळा भात केला. मुनीर गेल्यावर या घरात पहिल्यांदा चूल पेटली, ती तिच्यासाठी.

तुझीच,
फाल्दीला