अण्णांचं बटन

ती. आप्पासो मामा यांस,

विश्रामबागेच्या दवाखान्यातून तुमचा भाचा प्रथमेश वाकून पाया पडतो. पत्र लिहायचं लय दिवस टाळलं, हे आधी कबूल करतो. फोन करता आला असता, पण फोनवर तुमचं संपत नाही आणि माझं सुरू होत नाही. (हुबळीहून एकदा फोन केला होता, तुम्ही द्राक्षाची छाटणी समजावत होता. ती संपेपर्यंत माझी गाडी बेळगावला लागली.) म्हणून कागदावर. अकरावी अर्धी सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. मामींची कंबर कशी आहे? बेदाणा वाळला का? शेडची ती शिडी अजून उभी असेल तर तिच्यावर कुणाला चढवू नका. अण्णा पडले त्यात तुमचा दोष नाही, असं अण्णाच म्हणतात. म्हणजे ते काहीच म्हणत नाहीत, पण फौजेतल्या बापाचं गप्प राहणं आपण आपल्या सोयीनं वाचायचं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही सगळे टेम्पो करून भेटायला आलात, त्या दुपारचं लिहायचं आहे. खांबाला लावलेला तो पंप आठवतो ना, अण्णांच्या शिरेत दुखण्याचं औषध सोडणारा? त्याला वायर, वायरीच्या टोकाला बटन. दुखलं की पेशंटनं दाबायचं, थोडं औषध आत जातं. (असलंच बटन मी गोव्यात एका हॉटेलात पाहिलं होतं, दाबलं की वेटर यायचा. खरं तर यायचा नाही. असो.) सृष्टी सिस्टरनी मला बजावलं होतं, की पेशंटशिवाय याला कुणी हात लावायचा नाही. मला वाटलं हे भिंतीवरच्या ‘येथे थुंकू नये’सारखं असेल, म्हणायचं म्हणून म्हणतात. आणि तुम्ही मंडळी आल्यावर जत्रेतला पाळणा दाखवावा तसं मी ते बटन सगळ्यांना दाखवलं.

आता आपल्याकडं आजाऱ्याला नुसतं बघून कुणी माघारी जात नाही. हातानं काहीतरी सेवा घडली पाहिजे. शहाळं पाजावं तर तोंडानं काही द्यायचं नव्हतं. पाय चेपावेत तर खुबा मोडलेला. राहिलं ते बटन. अण्णा स्वतः दाबत नव्हते, कारण पाहुण्यांपुढं दुखतंय म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूला पाठ दाखवणं. तुम्ही म्हणालात, “दाजी लाजत्यात, मीच दाबतो.” मग मामींनी दाबलं. मग तुमच्या शेजारच्या दगडाबाईंनी डोक्यावर पदर घेऊन दाबलं आणि पंपाला नमस्कार केला. त्या मशिनला आतून कुलूप असतं, लागोपाठ दाबलं तर ते देत नाही. पण आपली माणसं लागोपाठ कुठं दाबतात, मधे चहाला जातात. दर चहाला कुलूप उघडत होतं. शेवटी अण्णा घोरायला लागले. “बघ, कसं निवांत झोपल्यात,” म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि तासगावची वाट धरलीत.

मामा, ती झोप नव्हती.

तुमचा टेम्पो गेटाबाहेर पडला आणि सिस्टर आल्या. त्यांनी अण्णांना हाक मारली, खांदा हलवला, मग त्यांच्या छातीकडं बघत राहिल्या. मीही बघितलं. छाती वर यायची, खाली जायची आणि पुन्हा वर यायचं विसरायची. ओठ जांभळे पडले होते. पुढची धावपळ नीट आठवत नाही. पंप बंद केला, तोंडावर ऑक्सिजन लावला, भुलीच्या डॉक्टर आम्रपाली मॅडम पळत आल्या आणि त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. त्यानं श्वास परत आला, पण तो उतारा दुखणं थांबवणारं औषधही पुसून टाकतो. दबलेलं सगळं दुखणं एकदम अंगावर आलं आणि अण्णा “आये” म्हणून ओरडले. अण्णांचं ओरडणं मला नवीन नाही, पण ते नेहमी माझ्यावर असायचं. हे ऐकवलं नाही. मी जिन्यात जाऊन बसलो. (तिथं कुपवाडच्या एका माणसानं मला त्याच्या मुतखड्याची सगळी कथा सांगितली. मी मधे एक शब्द बोललो नाही. तुमची आठवण आली.)

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “औषध चांगलंच आहे. माणसाला गुंगी आली की त्याचं बोट आपोआप थांबतं, तेच खरं कुलूप. तुम्ही तिथं आपली बोटं घातलीत.”

आता आजचं. जखमेत पू झाला म्हणून आज सकाळी ती पुन्हा उघडून धुतली. पंप पुन्हा लावलाय. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आहे, सिस्टर घडीघडी येऊन हाक मारून बघतात. सगळं आहे, फक्त अण्णा बटन दाबत नाहीत. आधी नुसती लाज होती, आता तिच्या जोडीला भीती आली. पडताना बरगड्याही दुखावल्यात, त्यामुळे ते खोकत नाहीत, पुरता श्वास घेत नाहीत. मॅडम म्हणतात, असंच चाललं तर छातीत कफ धरेल, आणि या वयात त्यातून बाहेर काढणं अवघड. बटन त्यांच्या हातापासून वीतभरावर पडलंय. दात आवळल्याचा आवाज मला खुर्चीपर्यंत येतो. आणि मला ते दाबता येत नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलोय, लिहिण्यापुरता एक बाहेर काढलाय.

बाकी ठीक. लहानथोरांना नमस्कार.

तुमचाच,
प्रथमेश

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. रविवारी भेटायला येऊ नका. कुणीच येऊ नका. आणि ‘आमी बटन दाबून आलो’ असं गावभर सांगणं चाललंय म्हणे, तेही थांबवा.

ता. क. वरचं खोडलं समजा. तुम्ही एकटे या आणि खाली दारापाशीच्या बाकावर बसा. अण्णांना भेटायला जो येईल त्याला छाटणी समजावून सांगा. वर कुणी पोचणार नाही.

ता. क. तासगाव गाडीच्या कंडक्टरकडं पत्र द्यायला उठलो, तर दारात रंगूआत्या. अण्णांची थोरली बहीण, गुडघ्यांपायी जी फलटणमधे स्वतःच्या गल्लीबाहेर पडत नाही, ती काठी टेकत इथवर आली. तुम्हीच तिला फोनवर सेवेचं सांगितलंत. टेकायच्या आधी म्हणाली, “कुठं हाय रं ते बटन? समद्यांनी दाबलं, माझंच ऱ्हायलंय.” मी आडवा गेलो, तिनं काठीनं मला बाजूला सारलं आणि हात पुढं केला. तेवढ्यात अण्णांनी बटन उचलून मुठीत घेतलं. “नगं आक्का,” म्हणाले, “माझं मी दाबतो. लय दुखतंय गं.” आणि दाबलं. आत्यानं काठी भिंतीला टेकवली. मग पायथ्याशी बसली आणि त्यांच्या चांगल्या पायाचा तळवा हळूहळू चोळायला लागली. मामा, दुसरा पाय धड आहे, हे त्या दिवशी आपल्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.