गोठ्यापासून विहिरीपर्यंत

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुमच्या शेवटच्या वयाच्याही पुढे गेलं आहे. परवा कॉलेजातल्या काही मुली घरी आल्या होत्या. पाण्यातल्या जंतूंच्या मागे सगळा जन्म का घालवलात, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर बारामतीच्या आपल्या मळ्यातल्या विहिरीत होतं, आणि ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पुण्याच्या प्रयोगशाळेत लागून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आपल्या वस्तीवर जुलाबाची साथ आली आणि दोन लेकरं दगावली. सगळी वस्ती आपल्याच विहिरीचं पाणी भरायची. ओढ्यापलीकडचे मेंढरंवाले तिथंच कळपाला पाणी पाजतात, त्यांनीच पाणी बाटवलं, असं चावडीत ठरलं आणि त्यांना विहीर बंद झाली. त्या बैठकीत तुम्हीही होतात. मी पुण्याहून येऊन त्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, भुशात गुंडाळलेल्या बर्फात ठेवल्या आणि दौंडच्या छोट्या गाडीनं पुणं गाठलं. पाण्याचे थेंब जांभळ्या रसाच्या नळ्यांत घालून उबेत ठेवले. दुसऱ्या दिवशी रस पिवळा पडलेला, आणि नळीत हवेचा बुडबुडा. पाण्यात शेणघाण उतरते आहे, असा त्याचा अर्थ. महिन्यानं पुन्हा आले. मेंढरं तोवर लांब चरायला गेली होती, तरी बुडबुडा तसाच. मग मी विहिरीभोवती फिरून पाहिलं. वरच्या अंगाला पंधरा पावलांवर आपला गोठा, आणि त्याच्या मुताचा खड्डा.

संध्याकाळ आहे. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे. मी म्हणते, "आबा, घाण आपल्या गोठ्याकडनं येतीय."

तुम्ही ताट बाजूला सारता. "शिकून आलीस ती बापाच्या गोठ्याला नावं ठिवायला? माझ्या बापानं खांदलेली हीर हाय ती. जलमभर तेच पाणी पितोय आमी."

"व्हय. पन ती दोन लेकरं बी तेच प्याली."

तुम्ही उठून बाहेर गेलात. इतकं लागेल असं बोलायला नको होतं, असं मला लगेच वाटलं. पण शब्द मागे घेतले नाहीत.

सकाळी तुम्हीच विचारलंत, "पाणी कुठनं कुठं जातं, ते दावायचा रंग असतो, मागं म्हनली हुतीस न्हवं? आण." मी तो पुण्याहून आणला. खड्ड्यात तो तुम्ही स्वतःच्या हातानं ओतलात आणि विहिरीवर कुणाला फिरकू दिलं नाहीत. तिसऱ्या दिवशी बादली वर आली, तर पाण्याला हिरवी झाक. तुम्ही तांब्यात पाणी घेऊन उन्हात धरलंत आणि बराच वेळ बघत राहिलात. त्याच दिवशी चावडीत उभे राहून म्हणालात, "मेंढरंवाल्यांचा काय बी दोष न्हाय. खोट माझ्या गोठ्यात हाय." एवढंच. नंतर ओढा ओलांडून त्यांच्या पालावर गेलात आणि पाण्याला या म्हणून सांगून आलात. आठवड्यात गोठा खालच्या अंगाला हलला, खड्डा बुजला, विहिरीला कठडा झाला. त्यानंतरच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या.

पुढच्या खेपेला तुम्ही सुताराकडून बाभळीची पेटी करून आणलीत, बारा बाटल्यांची, प्रत्येकीला वेगळं घर. "यष्टीत फुटत्यात म्हनत हुतीस," असं म्हणून ती माझ्यापुढं ठेवलीत आणि बैलांकडं निघून गेलात. तीच पेटी घेऊन मी इंदापूरपासून नरसिंहपूरपर्यंत कितीतरी आडांचं पाणी भरून आणलं. काही ठिकाणी लोकांनी मला हाकललं, तर बऱ्याच ठिकाणी खड्डे हलवले. आबा, माझं आयुष्य समाधानात गेलं.

एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्या विहिरीवर मी शोधनिबंध लिहिला, माझा पहिला. तो छापून आला आणि माझं नाव झालं. त्यात तुमच्याबद्दल "एक स्थानिक शेतकरी" एवढंच आहे. शास्त्रात असंच लिहितात, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तो गोठा माझ्या बापाचा होता, हे पुण्यातल्या साहेबांना कळू द्यायची मला लाज वाटली होती. चावडीत सगळ्यांसमोर तुम्हाला वाटली नाही, ती.