फुंकरीवर चालणारं इंजिन

बाबा, तुम्ही जन्मभर लाँचीच्या इंजिनावर होतात आणि मी तुमची मुलगी, तरी चालतं इंजिन मी आतून कधी पाहिलं नाही. आपल्याकडे बाईमाणसानं लाँचीवर पाय ठेवायचा नाही. एका नारळी पौर्णिमेला आम्ही बायका वाळूतच उभ्या, पूजेचं ताट माझ्या हातात. इंजिनाच्या खणातून तुमचं नुसतं कोपर दिसतं. मोठं चाक आधी जरासं मागे, मग जोरात पुढे, की धडधड सुरू. मी ओरडून विचारते, "बाबा, आत काय हलतं हो?"

"माझं डोस्कं हलतंय! तू नारळ सांभाळ गो."

सगळे हसतात, मीही हसते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, की आता आठवताना वाटतंय, हे नक्की सांगता येत नाही. रीत तुम्हाला पटत होती की लोक बोलतील म्हणून पाळत होतात, तेही तुम्ही होतात तोवर मी कधी विचारलं नाही. त्याच पावसाळ्यात तुम्ही झिजलेला पिस्टन घासूनपुसून मला आणून दिलात. "घे, हलतं ते हेच." पण तो हलेना. अजून टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवते.

धाकट्या भावानं आखातातून त्याच्या मुलासाठी प्लॅस्टिकच्या विटांचा खोका आणला होता. मुलगा सुटीत इकडे येणार म्हणून तो इथेच ठेवला. यंदाही ते आले नाहीत. मे संपत आला तेव्हा खोका मीच उघडला. विटांचा चौकोनी नळा केला, सांध्यांना मेणबत्तीचं मेण लावलं, आत विटांचाच पिस्टन, त्याला चाक. पिस्टन वर गेला की हवेची वाट बंद व्हावी, खाली आला की उघडावी, असा एक सरकता तुकडा चाकाला जोडला. हवा माझ्या तोंडची, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीतून.

शेजारच्या काकी कढीलिंबाला आल्या. "काय गो, ह्या वयात भातुकली?"

"इंजिन करत्येय, काकी."

"मग मला मुरुडास सोड. म्हायेरी जाऊन लई दिस झाले." कढीलिंबाची डहाळी तोडून हसत गेल्या. त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. मी थांबा म्हटलं नाही.

कितीही फुंकलं तरी पिस्टन ढिम्म. तो अगदी खालच्या टोकाला अडकून बसे. दोन दुपारी त्यात गेल्या. मग तुमचं कोपर आठवलं. बोटानं चाक जरासं मागे घेतलं, पुढे ढकललं आणि फुंकर मारली.

चाललं, बाबा. टकटक टकटक, अंगठ्याएवढा पिस्टन वर-खाली, सरकता तुकडा बरोबर वेळेला हवा सोडतोय, अडवतोय. आत काय हलतं ते मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी "बाबा!" म्हणून हाक मारली. तोंड उघडलं तशी नळी सुटली आणि इंजिन थांबलं.

हे डायरीतच राहील. पुन्हा चालवताना तोंड मिटून नुसतं बघायचं असं ठरवलं होतं. पण खरं सांगते, पुन्हाही ते तसंच थांबलं.