मालगाडीसाठी हात वर

सोमवार, १६ जून

सर, इतकी वर्षं काही लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती, आणि तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, मिटलं आता. मिटलेलं नाही. तुमच्या अंत्ययात्रेला मी आले होते, पण हात जोडले नाहीत. खात्री करून घ्यायला आले होते. आज लिहायला बसले, कारण आजपासून शाळेची कवायत माझ्याकडे आली आहे. तीच शाळा, तेच मैदान, तोच सिमेंटचा ओटा, भिंतीपलीकडे तीच कापडाच्या लूमची खटखट. पी.टी.च्या जागेवर कुणी मिळालेलं नाही, म्हणून मुख्याध्यापिकाबाई मे महिन्यातच म्हणाल्या, "विज्ञानाचे तास सांभाळून सकाळची कवायत तुम्हीच बघा. व्यायाम कोणते घ्यायचे तेही तुम्हीच ठरवा." त्या बाहेरून आलेल्या. मी याच मैदानावर शिकले, एवढंच त्यांना माहीत होतं.

तुम्हाला आठवत असेल असं मी धरून चालत नाही. मी आठवीत आहे. तुम्ही ओट्यावर, हातात माईक. चारच्या आकड्याला शाळेचे सगळे हात वर जातात, माझे अजून बाजूलाच. डावं-उजवं ठरवायला मला जरा वेळ लागायचा, दुसरं काही नाही. तुम्ही मोजणी थांबवता. "कुणी हात खाली घ्यायचे नाहीत. आपली मालगाडी यायचीय अजून." मैदानभर हशा. मग मी पुढे येऊन सगळे प्रकार एकटीने करून दाखवायचे आणि माझं होईपर्यंत शाळेने हात वर धरून उभं राहायचं. आधी मुलं हसतात. मग खांदे भरून येतात, हसणं बंद होतं, आणि सगळी माझ्याकडे बघायला लागतात. त्या बघण्यासाठीच तुम्ही थांबायचात. मारलं तुम्ही मला कधीच नाही. घरी सांगून पाहिलं तर नगरपालिकेतून दमून आलेले बाबा विचारायचे, "मारलं का? नाही ना? मग झालं तर." तक्रार करता येईल असं तुम्ही काहीच मागे ठेवत नव्हतात. मालगाडी हे नाव मात्र कॉलेजातही माझ्या आधी पोचलं होतं.

सुट्टीभर मी नवीन कवायत ठरवत होते. जोडीदाराबरोबर गप्पा मारत मैदानाला फेरी, दोरीउड्या, झिम्मा, शेवटी फुगडी. मोजणी नाही, रांगा नाहीत, आणि हात वर कुठेच नाहीत. हे सगळं एकदा नीट लिहून काढलं आणि मग शंका आली. गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा खांदा आखडला आहे. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला भिंतीवर बोटांनी चढायला लावतात, तरी हात कानाच्या वर जात नाही. मग 'हात वर' मी मुलांसाठी काढलं, की ओट्यावर माझी फजिती नको म्हणून, की तुमचं तेवढं तरी पुसून टाकायचं म्हणून? तिन्ही कारणं आहेत. त्यात मुलं कितव्या नंबरावर, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

शनिवारी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षासाठी उभी होते. समोर एक मोठी गाडी थांबली, काच खाली आली. "ए मालगाडी!" आमच्या वर्गातला, तुमचा लाडका, पहिल्या रांगेचा पुढारी. कशेळीच्या त्यांच्या शेतात आता गोदामं आहेत आणि हा शाळेच्या समितीवर आहे.

"सोमवारी येतोय मी. सरांचीच कवायत घ्यायची हां. ओट्याला सरांचं नाव द्यायचं चाललंय."

"ती कवायत बंद केली मी."

"बंद? अगं, घडवलं आपल्याला सरांनी!"

"तुला घडवलं असेल."

"मस्करी होती गं ती. तू अजून धरून हायस?" मागून रिक्षावाला ओरडला, "ओ सेठ, नाका खरीदा है क्या? गाडी हटाओ!" तो हसतच निघून गेला. मी रिक्षात बसेपर्यंत काय काय बोलायला हवं होतं ते सगळं सुचलं.

आज सकाळी सुरुवात छान झाली. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मोजायचं कोणी?" म्हटलं, "कोणीच नाही." "मग थांबायचं कधी?" "दमलात की." तिच्या मागचा मुलगा लगेच खाली बसला, "बाई, दमलो!" हशा झाला, पण हा हसण्यासारखा हशा होता. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा फुगडीकडे बघून हसत होत्या. तेवढ्यात तो, तुमचा लाडका, ओट्यावर चढला. प्रार्थनेचा माईक तिथेच होता. "मुलांनो, हा झाला खेळ. आता खरी कवायत बघा. आमच्या सरांची. मी करून दाखवतो, तुम्ही माझ्यासारखं करायचं. बाई मोजतील." आणि माईक माझ्या हातात दिला.

मी मोजायला लागले. मोजणी मुद्दाम जलद केली का? केली. दुसऱ्याच प्रकाराला त्याचा शर्ट पँटमधून बाहेर आला. तिसऱ्याला मुलांचे हात गेल्या वर्षीच्या सवयीने वर गेले आणि त्याचे छातीशीच राहिले. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य आलं, तुमच्याच चालीत, शब्दही न बदलता. "कुणी हात खाली घ्यायचे नाहीत. आपली मालगाडी यायचीय अजून." मुलं खदखदली. तोही हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "साहेब, पहिल्यापासून. एकट्याने." त्याने केलं, सर. नाही म्हणता येत नाही ना, सगळी शाळा हात वर धरून उभी असते. माझा हात माईकपाशी, खांद्याच्याही खाली, आणि माझ्या शब्दावर सगळं मैदान हात वर धरून. तो घामाघूम होऊन उतरला. "झालं समाधान?" म्हणाला. मुख्याध्यापिकाबाईंनी ओट्याच्या नावाचं विचारलं तर म्हणाला, "बघू पुढं."

म्हणजे तुमचं नाव ओट्याला निदान यंदा तरी लागत नाही. जिंकले मी. पण 'हात खाली' म्हणायचं राहिलं होतं. पहिल्या रांगेत ती सकाळची मुलगी, मोजायचं कोणी म्हणून विचारणारी, एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर उचलून धरून उभी होती. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. ते बघणं मी लगेच ओळखलं. मी आठवीत असताना तशीच शाळा माझ्याकडे बघायची. तरी मी लगेच बोलले नाही.

हे पत्र ऑफिसातल्या तुमच्या फोटोमागे खोचून ठेवायचं मनात होतं. नको. वहीतच राहू दे, कारण पुढचं वाक्य दुसऱ्या कुणी वाचलेलं मला चालणार नाही. मला मजा आली, सर. इतकी, की 'हात खाली' म्हणायला मी उशीर केला. तुम्हालाही अशीच येत असणार. हे कळल्याने तुमच्याविषयी मन जरासुद्धा निवळलेलं नाही. इतकी वर्षं एक शंका तुमच्या बाजूने ठेवली होती, की कदाचित तुम्हाला समजतच नसेल. समजत होतं. ओट्यावरून सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसतात.

उद्या: माईक आणि वायर ऑफिसच्या कपाटात बंद करून चावी मुख्याध्यापिकाबाईंकडे देणे.