एका तारेवर दोन ‘एक’

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
टेबलावर तापमान मोजणारे सहाही डबे बोलले! सगळ्यांना मिळून तारेची एकच जोडी. मशीनरूममधल्या मोठ्या डब्याने नंबर पुकारायचा, त्याच नंबरच्या डब्याने आपल्या खोलीचं तापमान सांगायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. उद्या कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसणार. जोशात बाबांना बोलून गेले, शनिवारी चाचणी फसली तर वर्कशॉप सोडते, पारशिवनीच्या शाळेत सायन्स शिकवते. कशाला बोलले! जेवण गेलं नाही.

४ फेब्रु.
सदर भागातल्या आमच्या वर्कशॉपातच अडकले, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम. वायरमन शंकरभाऊ एकटे गेले. तिथून फोन: डब्यातले नंबराचे स्विच कितीवर ठेवू? म्हटलं, खोलीच्या दारावर जो नंबर रंगवलाय तोच.

६ फेब्रु.
नुसता कचरा. नंबर पुकारला की उत्तराऐवजी गिचमिड. मालक दोघे भाऊ, वाटणी झालेली, बोलणं बंद. तीन खोल्या याच्या, तीन त्याच्या, मधल्या दाराला कुलूप. मशीनरूम तेवढी सामायिक, म्हणून सहाही तापमानं तिथे हवीत. मला थोरल्यांच्या बाजूने आत घेतात. पलीकडे जायचं म्हटलं तर त्यांचा मुनीम, “तिकडे काहून जाता मॅडम, इथंच बसा.” बसले. चहावर चहा.

७ फेब्रु.
डोकं आउट. मशीनरूममधूनच थोरल्यांचे तीन डबे तारेला लावले, छान बोलतात. ते काढून धाकट्यांचे लावले, तेही बोलतात. सहा एकत्र लावले की गोंधळ. तारेच्या टोकांचे रेझिस्टर बदलले. कॉम्प्रेसर बंद करून पाहिला तर ऑपरेटर डाफरला, आत संत्री आहेत. घरी आई म्हणाली, “दोन घास तर खा वं.” तिच्यावर खेकसले, मग मोरीत जाऊन रडले.

८ फेब्रु., शनि.
मुनीमाला न विचारता रस्त्याने वळसा घालून धाकट्यांच्या फाटकातून आत शिरले. पहिल्याच दारावर एक. पुढे दोन. तीन. अगं बाई! वाटणी झाल्यावर धाकट्यांनी आपल्या खोल्या पुन्हा एकपासून रंगवल्या. म्हणजे तारेवर दोन ‘एक’, पुकारलं की दोघेही एकदम बोलणार. काल धाकट्यांचे डबे बोलले तेही एक-दोन-तीनवरच, मी नंबर बघितलाच नाही. स्विच फिरवले, धाकट्यांचे चार, पाच, सहा. सहाही बोलले. 
मग दोघे मालक भाऊ आले. मोठ्या डब्यावर ‘चार’ उमटलेलं पाहून धाकटे लाल. “माही खोली चार नंबर काहून? मी काय ह्याच्या मागं हाय?” थोरले भिंतीकडे बघत म्हणाले, एक नंबर माहाच राहीन. धाकट्यांनी आपल्याकडची तार हिसकून काढली. आमच्या वर्कशॉपच्या सरांनी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली.
बाबांनी विचारलं, पास का नापास? म्हटलं, अजून पेपर चालू आहे.

९ फेब्रु.
उपाय सापडला. तारेवर चारच राहू द्यायचा, मोठ्या डब्यावर मात्र ‘एक’ दाखवायचा. शेजारी दिवा, थोरल्यांचा लाल, धाकट्यांचा हिरवा. दोघंही खूष, नोकरीही शाबूत. प्रोग्राम लिहिला, नव्या चिपमध्ये भरला. सर म्हणाले, वा.
ऑपरेटरला मुद्दाम जाऊन दाखवलं. त्याने दिव्यावर बोट ठेवलं. “अन् एखाद्या दिवशी दिवा उडाला तं? कोनती खोली तापून राहिली मले कसं समजन? माल सडला तं नाव माहंच येईन ना.”
 सरांना सांगितलं तर म्हणाले, दिवे असे उडत नाहीत गं. उडतात. मी स्वतः बदललेत.
चार-पाच-सहा दाखवणारी जुनी चिप मोडली नव्हती, बरं झालं.

१० फेब्रु., सोम., सकाळ
दोन्ही चिपा पर्समध्ये, वेगवेगळ्या कागदात. चहा गार झाला. बाबा अंगणात सायकल पुसत आहेत, मला बसपर्यंत सोडायला. कळमन्याच्या का पारशिवनीच्या, ते विचारत नाहीत.