अबोलीच्या डोळ्यात कोणी काय घातलं

सातारा, ३ नोव्हेंबर १९९८
चि. सौ. लीला हिस अनेक आशीर्वाद.
अबोलीच्या उजव्या डोळ्यात जंतू शिरल्याचं वाचून माझा चहा तसाच राहिला. खो-खो खेळताना चष्मा उडतो म्हणून तुझ्या लेकीने पुण्याला लेसर करून घेतलं, आणि पंधरा दिवसांत हे! डोळ्यात पाण्याचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना? तुमच्या गल्लीत समाचाराला येणारी प्रत्येक बाई वैद्य. शेजारच्या दगडाबाईने गुलाबपाणी घातलं असणार, नाहीतर तुझ्या सासूबाईंनी मध. पाचगणीच्या आमच्या शाळेतल्या सिस्टर्सनी असल्यांना दारातही उभं केलं नसतं. गुन्हेगाराचं नाव उलट टपाली कळव.
रागावलेली, तरी तुझीच,
शरयूताई

सांगली, ६ नोव्हेंबर
ती. ताईस शि. सा. नमस्कार.
लेसरच्या वेळी उचललेला बुबुळावरचा पापुद्रा डॉक्टरांनी पुन्हा उचलून खालून धुतलं. आता दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. पांढरा ठिपका मधोमध सरकला तर त्या डोळ्याने दिसणार नाही म्हणतात. अबोली खो-खोचं नावही काढत नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते.
दगडाबाईने गुलाबपाणी आणलं होतं, पण डाक्टर न्हाई म्हनला तर न्हाईच, म्हणत परत नेलं. मध सासूबाईंनी स्वतःच खाल्ला. ताई, लेसरनंतर समाचाराला आलीस तेव्हा काचेच्या कपात बोरिकचं पाणी करून अबोलीचा डोळा तूच धुतलास. मी नको म्हटलं, तर बोरिक म्हणजे पाणी नव्हे, शुश्रूषा आहे, असं ऐकवलंस.
हे लिहिलं म्हणून माया पातळ करू नकोस.
तुझी लीला

सातारा, ९ नोव्हेंबर
चि. लीलास आशीर्वाद.
तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा तुझी चूक शोधायला. पाणी मी वीस मिनिटं उकळलं होतं. पावडर नवी होती. कप मात्र पदराने पुसला. त्याच पदराला मी कराडच्या स्टँडवर भज्यांचे हात पुसले होते. डॉक्टरांना हे मीच सांगणार, तू मध्ये पडू नकोस. उद्याच्या एसटीने येते. थेंब मी घालीन, तू झोप. दगडाबाईची माफी मागायची आहे. आधी सांगून ठेवू नकोस, डोक्यावर बसेल.
हात धुऊन आशीर्वाद देणारी,
शरयूताई

सांगली, २८ नोव्हेंबर
ती. मावशीस सा. नमस्कार.
तू गेल्यापासून घरात कोणी कोणाला रागवत नाही. चैन पडत नाही. पदराची हकीकत तू डॉक्टरांना इतक्या आवाजात सांगितलीस, की चूक आपलीच झाली असं त्यांना वाटलं. ठिपका कडेलाच थांबला आहे. जानेवारीत मैदानावर उतरायला हरकत नाही म्हणाले.
तू निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी उजव्या डोळ्याने तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचली आणि मान वळवली, तर दाराशी तू रडताना दिसलीस. अगदी स्वच्छ दिसलीस. तुला सर्दी झाली आहे, असं मी आईला सांगितलं आहे. तूही तिला तसंच लिही.
तुझी लाडकी आणि ओरडा खायला तयार,
अबोली