तयार डबा नको

८ सप्टेंबर, सोमवार
“सुधे, तू उघडलेली वस्तू परत मिटलेली मी अजून पाहिली नाही.” आनंददादा हे म्हणाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांचा रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. दादाने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि शेवटचा स्क्रू स्वतः पिळला. मी ते केव्हाच विसरले आहे. आज सहज आठवलं.

कारण अबोलीचा लॅपटॉप गेला. पोरगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला, काविळीतून नुकती उठलेली, म्हणून महिनाभर इथे वालचंदनगरला घरीच आहे. सहा ऑक्टोबरला डिझाइन अपलोड करायचंय. नाही झालं तर वर्ष गेलं. डेस्कटॉप घ्यायचं ठरलं.

दादाचं बारामतीत कॉम्प्युटरचं दुकान. फोनवर म्हणाला, तयार सेट आहे, तपासलेला आहे, उद्याच टेम्पोत टाकतो. तयार! ज्यांना पाकिटातली पुरणपोळी चालते त्यांनी घ्यावा. मी सुटे पार्ट आणून स्वतः जोडणार.

९ सप्टेंबर
सकाळपासून तीन व्हिडिओ पाहिले. काही विशेष नाही. प्रत्येक पार्ट एकाच जागी बसतो. व्हिडिओतल्या मुलाला अजून नीट दाढी आलेली नाही, त्याला जमतं.

ह्यांना सांगितलं. हे कंपनीत तीस वर्षं इंजिनिअर. पेपर खाली न करता म्हणाले, दादांना विचारलंस का? तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेली मशिनं सांभाळली की माणसाचं असं होतं.

११ सप्टेंबर
पितृपक्ष चालू. नवी वस्तू कुणी घेत नाही, दादाच्या दुकानात शुकशुकाट. म्हणूनच माझ्या मागे लागला होता. मी असलं काही मानत नाही. पण उगाच कशाला?

मग लक्षात आलं. सुटे पार्ट म्हणजे वस्तू नव्हे. जोडल्यावर ती वस्तू. म्हणजे आत्ता मागवायचं आणि नवरात्रात जोडायचं. तयार सेट घेणाऱ्यांना ही सोय आहे का? ऑर्डर टाकली.

१९ सप्टेंबर
कुरिअरवाल्याचा फोन. “मॅडम, तुमच्या तितं आमची गाडी येत न्हाय. इंदापूरला येऊन घेऊन जावा.” एसटीने गेले. सहा खोकी. येताना कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं खोकं मांडीवर. कंडक्टरने विचारलं, “फ्रिज हाय का काय मावशी?” लोकांची झेप इतकीच.

दादाचा टेम्पो दारात आला असता, हा विचार एकदाही मनात आला नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
आज जोडणार होते. पण खंडेनवमी नऊ दिवसांवर. त्या दिवशी सगळा गाव हत्यारं पुजतो, कंपनीत लेथला हार घालतात, आणि आपण पूजेआधीच मशीन चालू करायचं?

दादा म्हणाला, आधी जोडून बघ, पूजा नंतर कर. एखादा पार्ट बदलायचा झाला तर हातात दिवस हवेत. दुकानदारी डोकं. त्यात देवाला जागा कुठून असणार.

अबोली डिझाइन करायला बसली होती. मोबाइलवर बोटाने भिंती काढत होती. वाकडी आली की पुसायची, पुन्हा काढायची. समंजस आहे. माझ्यावर गेली आहे.

२७ सप्टेंबर
कामाला येणारी सारजाबाई खोक्यांवरून बडबडली. “आठ दिस झालं वैनी, ह्येच्याखालनं झाडू जात न्हाय. कवा उघडायचं हाय?” खंडेनवमीचं समजावून सांगितलं. तर म्हणते, “आमच्या मालकानं ट्रॅक्टर आणला तवा आदी चालवून बगितला. मग नारळ फोडला.” कॉम्प्युटर आणि ट्रॅक्टर यातला फरक हिला काय सांगायचा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ९
पाटावर लाल कापड, त्यावर सगळे पार्ट. अगदी देखणे दिसत होते. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो तिथे एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं. झाकणाला कुंकू लावणं म्हणजे नवरीच्या पदराला कुंकू लावणं. काढलं झाकण. आत सोनेरी मखमलीसारखं काहीतरी. ओलं कुंकू मधोमध, बोट दाबून, ठसठशीत लावलं. मग अक्षता, झेंडू, आरती.

अबोलीने विचारलं, “आई, तिथं बोट लावलेलं चालतं?” म्हटलं, श्रद्धा ठेव.

दुपारी ४
जोडला! सगळं बसलं. प्रोसेसर खाली दाबताना जरा करकरला. नवा आहे. बटण दाबलं, पंखा फिरला, आतून अक्षता उडाल्या. याहून मोठा शकुन कोणता? स्क्रीन काळा.

५.३०
स्क्रीन काळा. तापायला वेळ लागत असेल.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. शेजारी सगळे विचारत होते, झाला का सुरू? म्हटलं, जवळजवळ. दोनदा सगळं काढून पुन्हा बसवलं. स्क्रीन काळा.

३ ऑक्टोबर
पार्ट जिथून घेतले त्यांना फोन केला. म्हणाले, झाकणाखालच्या जागेचा फोटो पाठवा. पाठवला. त्यांनी विचारलं, हे लाल काय आहे? खरं ते सांगितलं. पलीकडे त्यांनी आणखी दोघांना फोटो बघायला बोलावलं. मग म्हणाले, वॉरंटीत बसत नाही. संस्कारच नाहीत.

४ ऑक्टोबर
अबोली न्हाणीघरात नळ सोडून बसली होती. अर्धा तास. पाणी वाया जातं म्हणून ओरडायला दारापर्यंत गेले. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. परत आले.

नंतर कळलं, तिने मामाला फोन केला. मला न विचारता.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ११
दादा आठलाच आला. स्कूटरवर, पाठीला पिशवी. भिंग लावून पाहिलं. मला मखमल वाटली त्या शेकडो बारीक पिना होत्या, केसाएवढ्या. मधल्या सगळ्या आडव्या झालेल्या, बोटाच्या आकारात. दादा म्हणाला, “ठसा झकास आलाय.” बस्स, तेवढंच.

माझ्यासाठी ठेवलेला तयार सेट त्याने दुकानात उघडला होता, त्यातला मदरबोर्ड काढून आणला होता. तो बसवला. ब्रशने अक्षता काढल्या, एकेक, आणि टाकल्या नाहीत, माझ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. रेडिओवेळचं वाक्य तो आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून मी सकाळपासून उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणालाच नाही.

स्क्रीन लागला. अबोली उघड्या कॅबिनेटसमोरच कामाला बसली. तिच्या भिंती सरळ येत आहेत. उद्या दुपारपर्यंत होईल म्हणते. माझ्याकडे बघून हसली, मीच केल्यासारखं. तेवढं नको होतं.

आता कॅबिनेटचं झाकण लावायचं राहिलंय. तीन स्क्रू झाले. चौथा दादाच्या तळहातावर आहे, मला स्वयंपाकघरातून दिसतो. चहा उकळतोय तोवर हे लिहितेय. कप हातात दिला की त्याला म्हणणार आहे, दादा, तो शेवटचा स्क्रू मला पिळू दे.

नाही म्हणेल.